मोबाईलवरून ऑनलाइन मुलाखत कशी द्यावी? तयारी, सेटिंग्ज आणि खोटी मुलाखत ओळखण्याच्या खुणा

"तुमची मुलाखत ऑनलाइन आहे, लिंक पाठवतो" असा मेसेज आला की आनंदासोबत पोटात गोळाही येतो. लॅपटॉप नाही, घरात वेगळी खोली नाही, नेटवर्क कधी येतं कधी जातं. मग वाटतं, लॅपटॉपवाल्या मुलांपुढे आपला काय निभाव लागणार?

मी स्वतः मोबाईलवरून मुलाखती दिल्या आहेत आणि आता आमच्या ऑफिसात मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसतो. त्या अनुभवावरून सांगतो: उमेदवार फोनवर आहे की लॅपटॉपवर, याकडे आम्ही फारसं बघतच नाही. त्याचा आवाज नीट येतोय का आणि तो जे सांगतोय त्याला काही पुरावा आहे का, या दोन गोष्टींवर बरंचसं ठरतं. या दोन्ही गोष्टींची तयारी एका साध्या स्मार्टफोनवर, एक रुपयाही खर्च न करता होऊ शकते. ती कशी करायची, ते या लेखात क्रमाने पाहू. शेवटचे भाग खोट्या मुलाखतींबद्दल आणि नेहमीच्या शंकांबद्दल आहेत. तेही नक्की वाचा, कारण नोकरी शोधणाऱ्या मुलांचे पैसे तिथेच जातात.

ऑनलाइन मुलाखतीचे तीन प्रकार

मेसेज आला की आधी बघा, आपली मुलाखत कोणत्या प्रकारची आहे.

१. फोन कॉल: एचआर विभागातून साधा कॉल येतो. शिक्षण, अनुभव, अपेक्षित पगार, कधी रुजू होऊ शकता, एवढंच विचारतात. हा कॉल बऱ्याचदा न सांगता येतो. म्हणून अर्ज केल्यानंतरचे काही दिवस अनोळखी नंबर उचला.

२. व्हिडिओ कॉल: गुगल मीट, झूम किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्सवर समोरासमोर बोलणं. सगळ्यात जास्त मुलाखती याच प्रकारच्या असतात.

३. रेकॉर्ड केलेली मुलाखत: समोर कोणीच नसतं. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला थोडा वेळ मिळतो आणि ठरलेल्या वेळेत उत्तर रेकॉर्ड करायचं असतं. इथे सुरुवातीच्या सूचना नीट वाचा. काही ठिकाणी उत्तर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, काही ठिकाणी एकच संधी असते.

आदल्या दिवशी फोनची तयारी

हे काम मुलाखतीच्या सकाळी करायचं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास काढा.

ॲप आणि परवानग्या: ज्या ॲपची लिंक आली आहे ते ॲप आधीच डाउनलोड करून अपडेट करा. मग सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप आणि परवानग्या असं जाऊन कॅमेरा आणि मायक्रोफोन दोन्ही चालू आहेत का ते बघा. झूम असेल तर ब्राउझरमध्ये झूम डॉट यूएस स्लॅश टेस्ट हा पत्ता टाका. तिथे चाचणी मीटिंग उघडते आणि आवाज, कॅमेरा तपासता येतो. मीटमध्ये आत जाण्याआधी तुमचा कॅमेरा कसा दिसतोय ते स्क्रीनवर दिसतं. मित्रासोबत एकदा मीट कॉल करून बघितला तर उत्तमच.

नाव आणि फोटो: मीटमध्ये तुमच्या गुगल अकाउंटचं नाव आणि फोटो समोरच्याला दिसतो. दहावीत असताना ठेवलेलं गेमिंगचं नाव अजून तसंच असेल तर गुगल अकाउंटच्या वैयक्तिक माहितीत जाऊन बदला. पूर्ण नाव आणि साधा फोटो पुरे. ईमेल आयडीही विचित्र असेल तर नोकरीसाठी नवीन, नावाचा साधा आयडी काढा.

नेट पॅक: इथे थोडं गणित करू. झूमच्या माहितीनुसार दोघांच्या चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी ६०० केबीपीएस वेग लागतो. म्हणजे अर्ध्या तासाला साधारण २७० एमबी. एचडी व्हिडिओ असेल तर याच्या दुप्पट, म्हणजे ५४० एमबी. रोज दीड जीबीच्या प्लॅनमध्ये हे आरामात बसतं, पण मुलाखत दुपारी चारला असेल आणि सकाळपासून रील्स बघितल्या असतील तर? रोजचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. लागतात ६०० आणि मिळतात ६४! म्हणून त्या दिवशी मुलाखत होईपर्यंत व्हिडिओ बघणं बंद ठेवा.

वेग कुठे चांगला मिळतो: घरात वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून फास्ट डॉट कॉम उघडा. आधी डाउनलोडचा वेग दिसतो. 'शो मोअर इन्फो' दाबलं की अपलोडचा वेगही दिसतो. आपला चेहरा आणि आवाज अपलोडवरून जातो, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. खिडकीजवळ किंवा गच्चीच्या जिन्यात वेग वाढतो का बघा. चाचणी मुलाखतीच्याच वेळेला करा, कारण संध्याकाळी आणि सकाळी वेगात फरक पडतो. वाय-फाय वापरणार असाल तर वीज गेली की राउटरही बंद पडतो हे लक्षात ठेवा आणि मोबाईल डेटा शिल्लक ठेवा.

कॉल आणि नोटिफिकेशन: मुलाखत चालू असताना आत्याचा कॉल आला तर लय तुटते. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा. फोनची भाषा मराठी असेल तर तिथे 'व्यत्यय आणू नका' असं दिसेल. एक गोष्ट मात्र विसरू नका. एचआरचा नंबर सेव्ह करून त्याला या सेटिंगमध्ये अपवाद म्हणून जोडा. लिंक बंद पडली तर तेच तुम्हाला कॉल करणार असतात. याच कारणासाठी मी फ्लाइट मोड टाकायला सांगत नाही.

चार्जिंग आणि जागा: बॅटरी पूर्ण भरा. व्हिडिओ कॉलमध्ये फोन तापतो, त्यामुळे मागची बाकी ॲप्स बंद करा आणि उन्हात बसू नका.

आवाज, प्रकाश, कॅमेरा: कशाला किती महत्त्व?

बऱ्याच जणांचा सगळा वेळ कपडे आणि मागच्या भिंतीवर जातो. माझा क्रम असा आहे: आधी आवाज, मग प्रकाश, मग कॅमेरा आणि शेवटी मागची भिंत.

आवाज: माइक असलेला वायरचा साधा इअरफोन चांगला चालतो. त्याचं चार्जिंग संपत नाही आणि कनेक्शन तुटत नाही. तुमच्या फोनला तो पिन बसत नसेल तर ब्लूटूथवाला वापरा, पण चार्ज करून आणि आधी जोडून बघून. इअरफोनचा माइक शर्टाच्या कॉलरला घासला की समोर खरखर ऐकू येते. पंखा थेट माइकवर येत असेल तर वेग कमी करा. घरच्यांना वेळ सांगून ठेवा. तेवढा वेळ कुकर, मिक्सर आणि टीव्ही बंद राहिला तरी पुष्कळ झालं.

प्रकाश: खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. उजेड मागून आला की चेहरा काळा दिसतो. संध्याकाळची मुलाखत असेल तर ट्यूबलाइट समोर येईल असे बसा. रिंग लाइट विकत घेण्याची काही गरज नाही.

कॅमेरा: लेन्स मऊ कापडाने पुसा. फोनवर बोटांचे डाग असतात आणि त्यामुळे चित्र धूसर दिसतं. फोन हातात धरून मुलाखत देऊ नका, हात थरथरतो. टेबलावर पुस्तकांची चळत रचा, नाहीतर स्टीलचा डबा ठेवून त्याला टेकवा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आला पाहिजे. फोन आडवा ठेवा आणि ऑटो रोटेट चालू करा. बोलताना स्वतःच्या चेहऱ्याकडे बघण्याचा मोह होतो. त्याऐवजी कॅमेऱ्याच्या छोट्या गोलाकडे बघितलं की समोरच्याला वाटतं आपण त्याच्याकडे बघून बोलतोय.

वेगळी खोली नसेल तर? लाज वाटून घेऊ नका. आमच्याकडे एका मुलीने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "सर, एकाच खोलीत घर आहे, मध्येच लहान भावाचा आवाज आला तर समजून घ्या." आवाज आलाही. कुणालाच काही वाटलं नाही आणि पुढची मुलाखत उलट मोकळेपणाने झाली. घरी जमतच नसेल तर कॉलेज, गावातली अभ्यासिका किंवा मित्राची खोली आधीच विचारून ठेवा.

उत्तरांची तयारी: फोनलाच परीक्षक करा

आता मुख्य भाग. तुमच्या फोनमधला कॅमेरा हा मुलाखतीचा सगळ्यात स्वस्त क्लास आहे.

'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. दीड मिनिटाचं उत्तर रेकॉर्ड करा. मग ते दोनदा तपासा. पहिल्यांदा डोळे मिटून फक्त ऐका: आवाज पुटपुटल्यासारखा येतोय का, दर वाक्याला 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' येतंय का? दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त बघा: नजर कुठे पळतेय, खांदे पडलेत का, चेहऱ्यावर ताण आहे का? तीनचार वेळा असं केलं की फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

उत्तरात काय सांगायचं? घरात किती माणसं आहेत आणि वडील काय करतात, हे विचारल्याशिवाय सांगायची गरज नाही. तीन गोष्टी पुरेत: काय शिकलात, काय करून बघितलंत आणि ही नोकरी का हवी.

'काय करून बघितलंत' इथे फ्रेशर मुलं अडकतात. "सर, मला अनुभव नाही" असं म्हणून गप्प बसतात. पण अनुभव फक्त ऑफिसातच मिळतो असं कोणी सांगितलं? समजा, बी.कॉम. झालेला एक मुलगा अकाउंट्सच्या नोकरीसाठी आला आहे. त्याची दोन उत्तरं बघा.

पहिलं उत्तर: "मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे आणि मला एक्सेल येतं."

दुसरं उत्तर: "आमच्या गणेश मंडळाचा हिशोब वहीत असायचा आणि दरवर्षी शेवटी वाद व्हायचे. मागच्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. मी एक्सेलमध्ये वर्गणी आणि खर्च तारखेनुसार भरला, प्रत्येक बिलाचा फोटो ठेवला आणि विसर्जनानंतर आठवडाभरात ताळेबंद बोर्डावर लावला. त्या वर्षी वाद झाला नाही."

दुसऱ्या मुलाने स्वतःला मेहनती म्हटलंच नाही, तरी ते कळलं. त्याच्या उत्तरात चार पायऱ्या आहेत: प्रसंग काय होता, माझ्याकडे कोणतं काम आलं, मी नेमकं काय केलं आणि शेवटी काय झालं. मुलाखतीच्या जगात ही पद्धत 'स्टार' या नावाने ओळखली जाते. तुमच्या आयुष्यातले असे तीन प्रसंग शोधून लिहून काढा. आयटीआयमधला प्रोजेक्ट, दुकानात सांभाळलेला गल्ला, लग्नात केलेलं जेवणाचं नियोजन, लहान मुलांच्या शिकवण्या, काहीही चालेल. फक्त खरं हवं, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

जाहिरात पुन्हा वाचा: नोकरीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा. त्यात मागितलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे तुमचा कोणता प्रसंग बसतो ते लिहा. जिथे काहीच बसत नाही तिथे "हे मला अजून येत नाही, पण मी शिकायला सुरुवात केली आहे" असं म्हणता येईल एवढं तरी आधी करून ठेवा. कंपनीची वेबसाइट दहा मिनिटं बघा. ती काय बनवते किंवा विकते, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

इंग्रजीची भीती: मुलाखत इंग्रजीत असेल तर सगळं पाठ करू नका. पाठ केलेलं मध्येच तुटतं. छोटी वाक्यं बोला. प्रश्न कळला नाही तर "कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?" असं शांतपणे विचारा. एखादा मुद्दा इंग्रजीत जमत नसेल तर हिंदीत किंवा मराठीत सांगू का, असं विचारण्यात कमीपणा नाही. अर्थात, जिथे कामच इंग्रजी बोलण्याचं आहे तिथे ही सवलत मिळेलच असं नाही.

एआयची मदत घ्यावी का? सरावासाठी जरूर घ्या. एआय ॲपमध्ये जाहिरात टाका आणि म्हणा, "या नोकरीसाठी मला एकेक प्रश्न विचार आणि माझ्या उत्तरातली उणीव सांग." पण मुलाखत चालू असताना दुसऱ्या फोनवर उत्तर शोधून वाचू नका. नजर एका रेषेत डावीकडून उजवीकडे फिरते, बोलण्याचा सूर बदलतो आणि आम्हाला ते लगेच कळतं. मग "हेच जरा उदाहरण देऊन सांग" असं विचारलं की गाडी थांबते. कागदावर पाच शब्द लिहून फोनच्या मागे भिंतीला चिकटवा, तेवढा आधार पुरेसा आहे.

मुलाखतीच्या दिवशी

१. दोन तास आधी लिंक, तारीख आणि वेळ पुन्हा बघा. सकाळचे अकरा की रात्रीचे, हे एएम-पीएम तपासून घ्या. परदेशी कंपनी असेल तर वेळ भारतीय आहे का हेही बघा.

२. रेझ्युमेची पीडीएफ फोनमध्ये तुमच्या नावाने सेव्ह असू द्या. 'न्यू डॉक्युमेंट फायनल फायनल २' असं नाव नको. एक छापील प्रत किंवा हाताने लिहिलेली नोंद समोर ठेवा, म्हणजे तारखा चुकणार नाहीत.

३. मार्कशीट मागितली तर शोधाशोध नको. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजीलॉकरमध्ये मिळतात. २०१६ च्या नियमांनुसार डिजीलॉकरमधून जारी झालेली कागदपत्रं मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानली जातात.

४. पाच ते दहा मिनिटं आधी लिंक उघडा. "होस्टने प्रवेश देईपर्यंत थांबा" असं दिसलं तर घाबरू नका, तिथेच थांबा.

५. बोलत नसताना माइक म्यूट करा, पण बोलण्याआधी अनम्यूट करायला विसरू नका.

६. चित्र अडकायला लागलं तर आधी विचारा, "नेटवर्क कमी आहे, व्हिडिओ बंद करून बोलू का?" फक्त आवाजाला साधारण १०० केबीपीएस वेग पुरतो, त्यामुळे बोलणं चालू राहतं. कॉल पूर्ण तुटला तर पुन्हा लिंक उघडा आणि एचआरला दोन ओळींचा मेसेज टाका.

७. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हटल्यावर "नाही" म्हणू नका. पहिल्या तीन महिन्यांत काम काय असेल, शिकवणार कोण आणि निकाल कधी कळेल, हे तीन प्रश्न कुठेही चालतात.

खोटी मुलाखत कशी ओळखायची?

मित्रांनो, मुलाखतीची भीती एकवेळ परवडली, पण खोट्या मुलाखतीत घरचे पैसे जातात. एक नियम पाठ करून ठेवा: नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंगचं डिपॉझिट, लॅपटॉपची कुरिअर फी, पोलीस व्हेरिफिकेशनचा खर्च, नाव काहीही असो. पैसे मागितले की तिथेच थांबा.

इतर खुणा:

• मुलाखत फक्त व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या चॅटवर झाली आणि दहा मिनिटांत ऑफर लेटर आलं.

• ईमेल मोठ्या कंपनीच्या नावाने, पण '@' नंतर कंपनीचा पत्ता नाही किंवा त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे आहे.

• प्ले स्टोअरच्या बाहेरची एपीके फाइल टाकायला सांगतात, किंवा फोनचा ताबा दुसऱ्याला देणारं ॲप घ्यायला लावतात. खऱ्या मुलाखतीत मीटवर स्क्रीन शेअर करायला सांगू शकतात, तुमचं एक्सेल किंवा डिझाइन बघण्यासाठी. पण तेव्हा बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडायला कोणी सांगत नाही.

• ओटीपी, एटीएम कार्डाचा फोटो किंवा यूपीआय पिन मागतात. मुलाखतीसाठी यातलं काहीही लागत नाही.

तपासायचं कसं? कंपनीची वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या नंबरवर फोन करून विचारा, "ही जागा खरंच आहे का?" मेसेजमधल्या नंबरवर विचारलं तर तोच माणूस "हो" म्हणणार! प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला २१ अक्षर-अंकांचा सीआयएन क्रमांक असतो आणि केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तिची नोंद बघता येते. पण नोंद खरी असली तरी फोन करणारा त्याच कंपनीतला आहे हे सिद्ध होत नाही, म्हणून फोन करून खात्री कराच.

आधारची प्रत द्यायचीच वेळ आली तर मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. ते यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून डाउनलोड होतं.

पैसे गेले असतील तर लाजेपोटी गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. चॅट आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलाखतीला फॉर्मल कपडे लागतात का? इस्त्रीचा साधा शर्ट किंवा कुर्ता पुरे. बारीक रेघांचे कपडे टाळा, कॅमेऱ्यात त्या रेघा हलल्यासारख्या दिसतात.

झूमची मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडली तर? झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांची मर्यादा असते. यात तुमचा दोष नाही. तीच लिंक पुन्हा उघडून बघा आणि मेसेज तपासा.

पगार किती सांगावा? त्या शहरात त्या कामाला काय मिळतं ते जॉब ॲपवरच्या पाच-सहा जाहिरातींत बघा आणि एक पट्टा सांगा. खोलीचं भाडं आणि मेसचा हिशोब आधी करा, म्हणजे कमीत कमी किती हवेत ते कळेल.

नोकऱ्या शोधायच्या कुठे? केंद्राच्या श्रम व रोजगार मंत्रालयाचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून चालू आहे आणि नोंदणी मोफत आहे. महाराष्ट्रात राज्य सरकारचं महास्वयम् पोर्टलही आहे.

निकाल आलाच नाही तर? सांगितलेली तारीख उलटून दोन-तीन दिवस झाले की एक नम्र मेल टाका. उत्तर आलं नाही तरी पुढचे अर्ज थांबवू नका. नकार आला तर ज्या प्रश्नावर अडखळलात तो त्याच दिवशी लिहून ठेवा आणि कॅमेऱ्यासमोर त्याचं उत्तर पुन्हा द्या. पुढच्या मुलाखतीत तोच प्रश्न आला तर तुमचं उत्तर तयार असेल.

तुमच्या ओळखीत कुणाची या आठवड्यात मुलाखत असेल तर हा लेख त्याला आदल्या दिवशीच पाठवा. ऑल द बेस्ट!